एकाच पाकिटात चेक आणि तक्रार

(रविवार, २८ डिसेंबर २०२५ रोजी शाळेच्या सभागृहात झालेल्या १९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'माझी अमेरिकेतली वीस वर्षं'. पण वर्गातल्या मुलींनी आधीच बजावलं, "बर्फ, पगार आणि एआय यांवर बोलू नकोस. ते सगळं आम्हाला व्हॉट्सॲपवर मिळतं." म्हणून मी आज हरण्यावर बोलणार आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे बिघाड हा माझा रोजचाच धंदा. त्याचा मला पगार मिळतो. पण आज ज्या हरण्याबद्दल बोलणार आहे, ते मी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बघायला जाते. आणि हरण्याचा माझा पहिला अनुभव बाहेरच्या याच मैदानाशी जोडलेला आहे. तो शेवटी सांगते. पी.टी.च्या सरांना तो आठवत असेल, अशी मला भीती आहे.

हा विषय सुचला काल रात्री. आम्ही वीसेक जण एकीच्या गच्चीवर भेळ खात बसलो होतो. बोलणं शाळेवर आलं आणि तक्रारींना तोंड फुटलं. मैदान निम्मंच वापरात राहिलंय. सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी पूर्णवेळ माणूस आलाच नाही. पाचवीची एक तुकडी कमी झाली. मुलींच्या खो-खो संघाला मागच्या वर्षी बाहेरगावी जाता आलं नाही, कारण गाडीखर्च नव्हता. "आपल्या वेळी असं नव्हतं," हे वाक्य मी स्वतः तीन वेळा म्हटलं. सर्वांत मोठा आवाज माझाच होता. तेवढ्यात आपल्यातली एक, जी याच गावात राहते आणि जिची मुलगी आज याच शाळेत आठवीत आहे, ती शांतपणे म्हणाली, "तीस वर्षांत तुमच्यापैकी किती जण शाळेत येऊन गेलात गं?"

भेळ संपली होती, तरी सगळे कागद चाचपत बसले.

त्या वेळी मला माझ्या शेजारचे आजोबा आठवले.

मी २००५ साली कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडे, पूर्वेला, बर्कली नावाचं शहर आहे. तिथून जवळच आम्ही राहतो. शेजारी एक निवृत्त सिव्हिल इंजिनिअर आहेत, वय शहाऐंशी. तिथल्या रीतीप्रमाणे समोर मी त्यांना नावाने हाक मारते, पण आमच्या घरात ते 'आजोबा'च. ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले. खेळाच्या जगात त्या विद्यापीठाला सगळे नुसतं 'कॅल' म्हणतात. माझा त्या विद्यापीठाशी काही संबंध नाही. एका शनिवारी आजोबांकडे एक तिकीट जास्तीचं होतं, म्हणून ते मला फुटबॉलच्या सामन्याला घेऊन गेले. तेव्हापासून जे लागलं ते सुटलेलं नाही.

इथे थोडं समजावून सांगते. फुटबॉल म्हणजे त्यांचा फुटबॉल, ज्यात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. आपल्याकडे कॉलेजचा सामना बघायला कोण जातं? ज्याचा भाऊ खेळतोय तो. तिथे पन्नास-साठ हजार माणसं जातात. विद्यापीठाचं स्वतंत्र क्रीडाखातं असतं. त्याचा संचालक, प्रशिक्षक, डॉक्टर, तिकीट खिडकी, सगळं वेगळं. कॅलच्या या खात्यात तीसेक संघ आहेत. पोहणं, नौका वल्हवणं, जिम्नॅस्टिक्स, रग्बी, वॉटर पोलो, बेसबॉल असे किती तरी. १९७२ च्या 'टायटल नाइन' कायद्यामुळे मुलींनाही खेळात बरोबरीची संधी द्यावीच लागते. पण यातले बहुतेक संघ पैसे कमावत नाहीत. पैसा येतो मुख्यतः फुटबॉलमधून. टीव्हीचे हक्क, तिकिटं आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या. म्हणजे एका कमावत्या भावावर तीस माणसांचं घर चालावं, तसा प्रकार. भाऊ ठणठणीत असेल तर काही प्रश्न नाही. कॅलचा भाऊ गेली कित्येक वर्षं अधूनमधून आजारी आहे.

तिथल्या चाहत्यांचं स्वप्न एकच, 'रोझ बोल'. नवीन वर्षाच्या दिवशी लॉस एंजेलिसजवळ पॅसाडीनाला होणारा मानाचा सामना. कॅल तिथे शेवटचं खेळलं १ जानेवारी १९५९ ला, आणि आयोवाकडून हरलं. आजोबा तेव्हा पहिल्या वर्षाला होते. त्यांना वाटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी जिंकू. त्याला आता जवळजवळ सदुसष्ट वर्षं झाली. २००४ साली संघाने अकरापैकी दहा सामने जिंकले होते, तेव्हासुद्धा ती जागा टेक्सासला मिळाली.

मग हे लोक जातात तरी का, असं तुम्ही विचाराल. त्याचं एक उत्तर १९८२ सालात आहे. २० नोव्हेंबर, शेजारच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी सामना. म्हणजे आपल्या आणि वेशीपलीकडच्या हायस्कूलच्या सामन्यासारखाच मामला. चार सेकंद उरली असताना स्टॅनफर्डने २०-१९ अशी आघाडी घेतली. आजोबा वैतागून उठले आणि बाहेर पडले. ते उतार उतरत असताना मागून प्रचंड गर्जना झाली. त्या चार सेकंदांत कॅलच्या खेळाडूंनी चेंडू पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकत पळत ठेवला. सामना संपला असं समजून स्टॅनफर्डचं बँडपथक मैदानात घुसलं होतं. त्या बँडमधून वाट काढत कॅलच्या खेळाडूने गोल रेषा ओलांडली आणि ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या एकाला आडवं केलं. कॅल २५, स्टॅनफर्ड २०. अमेरिकेत आजही त्याला नुसतं 'द प्ले' म्हणतात. आजोबांनी ते पाहिलं नाही. तिकीट त्यांच्या खिशात होतं आणि ते रस्त्यावर होते. त्या दिवसापासून कितीही वाईट हार दिसत असली तरी ते शेवटची शिट्टी होईपर्यंत जागचे हलत नाहीत, आणि मलाही हलू देत नाहीत.

आता मूळ दुखण्याकडे येते. कॅलचं स्टेडियम १९२३ चं. पहिल्या महायुद्धात पडलेल्या कॅलिफोर्नियाच्या लोकांचं ते स्मारक आहे. जागा अतिशय सुंदर. पण त्याच्या बरोबर खालून भूकंपाची हेवर्ड भ्रंशरेषा जाते. त्यामुळे ते मजबूत करणं भागच होतं. त्याला कोणी नको म्हणू शकत नव्हतं, सिव्हिल इंजिनिअर असलेले आजोबा तर नाहीच. आधी शेजारची ओकची झाडं वाचवण्यासाठी आंदोलक २००६ ते २००८ अशी जवळपास दोन वर्षं झाडांवर जाऊन राहिले. मग काम झालं. स्टेडियमला ३२ कोटी डॉलरच्या आसपास खर्च आला, आणि शेजारची खेळाडूंची इमारत धरून कर्ज ४० कोटींच्या वर गेलं. ते फेडण्याची कल्पना अशी होती की चांगल्या जागांवरच्या खुर्च्यांचे हक्क श्रीमंत चाहत्यांना मोठ्या रकमेला, पुढच्या कित्येक वर्षांसाठी विकायचे. वर्ष २००८. त्या वर्षी जगाच्या अर्थव्यवस्थेचं काय झालं, हे आपल्यातल्या आयटीवाल्यांना सांगायला नको. खुर्च्या अपेक्षेइतक्या विकल्या गेल्या नाहीत. व्याज मात्र ठरल्या तारखेला येत राहिलं, वर्षाला १.८ कोटी डॉलरच्या घरात. नवं स्टेडियम सप्टेंबर २०१२ मध्ये उघडलं आणि पहिलाच सामना आम्ही नेवाडाकडून हरलो. त्या मोसमात तीन विजय, नऊ पराभव. पुढच्या मोसमात एक विजय आणि अकरा पराभव. शेवटी काही वर्षांनी कर्जाचा निम्म्याहून थोडा अधिक भार विद्यापीठाने स्वतःच्या अंगावर घेतला. म्हणजे ज्यांनी जन्मात सामना पाहिला नाही, त्या रसायनशास्त्राच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांनीही कुरकुर केली तर ती रास्तच होती.

आमच्या धंद्यात 'टेक्निकल डेट' म्हणतात. आज घाईने काहीतरी उभं करायचं आणि त्याच्या दुरुस्तीचा खर्च पुढच्यांच्या डोक्यावर ठेवायचा. उद्घाटनाच्या दिवशी तो खर्च दिसत नाही, कारण त्या दिवशी सगळे फीत बघत असतात.

आणि हे काम चालू असतानाच आणखी एक घाव बसला. सप्टेंबर २०१० मध्ये विद्यापीठाने जाहीर केलं की खर्च झेपत नाही, पाच संघ कमी करायचे. बेसबॉल, मुलांचं आणि मुलींचं जिम्नॅस्टिक्स, मुलींचं लॅक्रॉस बंद, आणि रग्बीचा दर्जा खाली. त्या वेळी रग्बीच्या खात्यावर देशातली पंचवीस अजिंक्यपदं होती. बेसबॉलचा संघ १८९२ पासूनचा. १९४७ साली देशातली पहिलीवहिली कॉलेज वर्ल्ड सिरीज याच संघाने जिंकली होती, तीही येल विद्यापीठाला हरवून. येलच्या त्या संघात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले जॉर्ज बुश होते. असा संघ एका पत्रकाने बंद.

त्या संध्याकाळी आजोबा अंगणात उभे राहून जे बोलले, ते मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते शांत होते. म्हणाले, "मी गेल्या दहा वर्षांत बेसबॉलचे किती सामने पाहिले, ते मोजलं. चार. मग हा संघ बंद केला कोणी? त्यांनी, की मी?"

नंतर जे घडलं ते मी जवळून पाहिलं. बेसबॉलचे जुने खेळाडू, पालक, प्रेक्षक एकत्र आले. 'विद्यापीठाला मदत करा' असं मोघम आवाहन त्यांनी केलं नाही. हा एक संघ, ही एक रक्कम, ही मुदत, आणि हा पैसा फक्त इथेच जाईल, असं लेखी सांगितलं. फेब्रुवारी २०११ मध्ये रग्बी, मुलींचं जिम्नॅस्टिक्स आणि लॅक्रॉस वाचलं, पण बेसबॉलला अजून नकारच होता. लोक थांबले नाहीत. एप्रिलपर्यंत बेसबॉलसाठी ९० लाख ते १ कोटी डॉलरची वचनं जमा झाली आणि बेसबॉल व मुलांचं जिम्नॅस्टिक्सही परत आलं. मीही शंभर डॉलर दिले होते. तेवढ्यावर मी आजतागायत 'आम्ही बेसबॉल वाचवला' असं म्हणते.

गंमत पुढे आहे. ती मुलं सगळा मोसम बंद पडणाऱ्या संघाचे कपडे घालून खेळत होती. जूनमध्ये एका बाद फेरीच्या सामन्यात शेवटच्या डावात चार धावा काढून त्यांनी बेलरला ९-८ असं हरवलं. पुढच्या फेरीचे सामने खरं तर घरच्या मैदानावर व्हायचे, पण त्यावर दिवेच नव्हते, म्हणून दुसऱ्या कॉलेजचं मैदान घेऊन खेळले आणि जिंकले. आणि ज्या वर्षी संघ मोडीत निघायचा होता, त्याच वर्षी तो ओमाहाला, देशातल्या शेवटच्या आठांत पोचला.

इथे गोष्ट संपवली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण आजोबा म्हणतात, पुढचं सांगितलं नाही तर ते खोटं ठरेल.

पुढचं असं. २०२२ मध्ये आमच्या गटातली लॉस एंजेलिसची दोन मोठी विद्यापीठं टीव्हीच्या जास्त पैशासाठी दुसऱ्या गटात जाणार असं जाहीर झालं. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात एकामागून एक बाकीचीही निघाली, आणि शंभराहून अधिक वर्षांची मुळं असलेला पॅसिफिक किनाऱ्याचा गट काही आठवड्यांत विस्कटला. कॅल आणि स्टॅनफर्ड जवळपास उघड्यावर पडले. १ सप्टेंबर २०२३ ला त्यांना आसरा मिळाला तो अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावरचं विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! म्हणजे रत्नागिरीच्या संघाने ओडिशाच्या तालुका स्पर्धेत नाव नोंदवण्यासारखंच. तेही पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला फक्त ३० टक्के वाटा घेऊन. आता मुलींचा व्हॉलीबॉलचा संघसुद्धा गटातल्या सामन्यासाठी चार-चार हजार किलोमीटर उडतो आणि विमानातच गृहपाठ करतो.

त्या नव्या गटातला पहिला मोसम २०२४ चा. चार सामने ओळीने हरलो. पाच गुणांनी, एका गुणाने, दोन गुणांनी आणि परत एका गुणाने. चार पराभवांचे मिळून नऊ गुण. त्यातला मायामीविरुद्धचा सामना मी स्टेडियममध्ये होते. त्या दिवशी ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा प्रसिद्ध कार्यक्रम पहिल्यांदाच बर्कलीला आला होता. मुलं रात्रभर जागून रांगेत उभी होती. तिसऱ्या भागात आम्ही ३५-१० असे पुढे होतो. हरलो ३९-३८ ने. आजूबाजूची माणसं ओरडत नव्हती, रडतही नव्हती. नुसती बसून होती. परीक्षेचा निकाल लागल्यावर फळ्यासमोर उभे राहतो ना आपण, तशी.

त्याच मोसमात पुढे एका सामन्यात मोक्याची किक हुकली. त्या वेळी मी घरी टीव्हीसमोर त्या मुलाला जे नाही ते बोलले. आजोबा शेजारी बसले होते. म्हणाले, "तो तुझ्या मुलाच्या वयाचा आहे." मी गप्प. माझा मुलगा तेव्हा बारावीला होता आणि त्याच आठवड्यात त्याचा गणिताचा पेपर वाईट गेला होता. त्याला मी "होतं असं कधी कधी" म्हणाले होते.

शेवटी स्टॅनफर्डला २४-२१ असं हरवलं. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सारथी, फर्नांडो मेंडोझा. त्याने संघाला ९८ यार्ड पुढे नेऊन तो सामना जिंकून दिला आणि कॅमेऱ्यासमोर रडला. आम्हीही रडलो. महिन्याभरात तो इंडियाना विद्यापीठात निघून गेला. आता नियमच तसे आहेत. खेळाडू सहज विद्यापीठ बदलू शकतात, आणि या जुलैपासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ शकतात. ज्याची तिजोरी मोठी त्याच्याकडे ओढा. आणि या महिन्यात, १३ डिसेंबरला, त्या मुलाला देशातला सर्वोत्कृष्ट कॉलेज फुटबॉलपटू म्हणून हाइस्मन ट्रॉफी मिळाली. इंडियानाच्या गणवेशात. आम्ही यंदा नोव्हेंबरमध्ये स्टॅनफर्डकडून ३१-१० ने हरलो आणि दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षकांना निरोप दिला गेला.

हाइस्मनच्या रात्री मी आजोबांकडे गेले. म्हटलं, बघा, घडवायचं आपण आणि नाव दुसऱ्याचं. मला वाटलं ते चिडतील. ते हसत होते. म्हणाले, "मुलं जाणारच. शिकवणाऱ्या जागेचं कामच ते. प्रश्न एवढाच, की गेल्यावर त्यांना ही जागा आठवते का, आणि आठवली तर ती आठवण काही कामाला येते का."

हे ऐकून मी घरी आले आणि बॅग भरायला घेतली, कारण तीन दिवसांनी माझं इथे यायचं विमान होतं. भरताना हात थांबला. आपण सगळे तेच आहोत ना! पुण्याला गेलो, मुंबईला गेलो, बंगळूरला गेलो, कॅलिफोर्नियाला गेलो. ज्यांनी पाढे पाठ करून घेतले, पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावू दिला, त्यांची नावं आपल्या कंपनीच्या कुठल्याही पाटीवर नाहीत. आपण सगळे दुसऱ्याच्या गणवेशात जिंकलो.

आता त्या पाकिटाबद्दल सांगते. दर डिसेंबरला आजोबा कॅलच्या क्रीडाखात्याला एक चेक पाठवतात. रक्कम फार मोठी नसते. त्याच पाकिटात एक पत्र असतं, तक्रारीचं. मी एकदा म्हटलं, ॲपवरून पाठवा की, दोन मिनिटांत जाईल. तर म्हणाले, "ॲपला पत्र जोडता येतं का?" त्या पत्राचे त्यांचे तीन नियम आहेत. पहिला, खेळणाऱ्या मुलांबद्दल वाईट शब्द नाही. दुसरा, प्रश्न एकच, आणि ज्याचं उत्तर आकड्यात देता येईल असाच. 'तुम्ही सगळं वाटोळं केलंत' हा प्रश्न नाही. 'यंदा कर्जाचं मुद्दल किती फिटलं' हा प्रश्न आहे. तिसरा, चेकशिवाय तक्रार नाही आणि तक्रारीशिवाय चेक नाही.

त्यांना मी विचारलं, तिसरा नियम कशाला? ते म्हणाले, "नुसती तक्रार करणारा बाहेरचा असतो. त्याचं कोणी ऐकत नाही, आणि ऐकू नये. नुसता चेक देणारा भाबडा असतो. त्याच्या पैशातून स्टेडियम उभं राहतं आणि बेसबॉल बंद पडतं. दोन्ही एका पाकिटात घातलं की तू घरातली होतेस."

मित्रमैत्रिणींनो, काल गच्चीवर आपण सगळे बाहेरचे होतो.

आज दुपारी जेवणानंतर आपली बैठक आहे. जमलेल्या पैशाचं काय करायचं ते ठरवायचं आहे. प्रवेशद्वाराशी आपल्या तुकडीच्या नावाची कमान उभारावी, असा प्रस्ताव आहे. ज्यांनी तो मांडला त्यांच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. गटावर पैसे गोळा करायला सर्वांत जास्त धडपड त्यांनीच केली, मी फक्त अंगठे दाखवत होते. पण माझं म्हणणं मी इथेच, सरांच्या आणि बाईंच्या समोर मांडते. कमान एकदा उभी राहते, मग तिच्याकडे कोणी बघत नाही. कमानीखालून आत जायला मुलं हवीत.

माझी सूचना साधी आहे. हा पैसा आणि दर महिन्याला ज्याला जमेल तेवढा, पाचशे रुपयेसुद्धा चालतील, असा एक मैदान निधी करू. त्यातून तीनच गोष्टी. मैदानाची माती, पाणी आणि रोलर. सकाळ-संध्याकाळ शिकवायला येणाऱ्या एका प्रशिक्षकाचं मानधन. आणि मुलामुलींच्या संघांचा गाडीखर्च. चौथी गोष्ट सुचली तरी तीन वर्षं नाही म्हणायचं. पैसा शाळेच्या नावाने, पावतीसह. पाच जणांची समिती, त्यात निदान तीन जण गावातच राहणारे हवेत, कारण मैदान ओलं आहे की नाही हे कॅलिफोर्नियातून दिसत नाही. दर जूनमध्ये सगळा हिशोब शाळेच्या फळ्यावर लागेल, मुलांना वाचता येईल अशा अक्षरात. आणि आपण प्रत्येकाने वर्षातून एकदा शाळेला एक पत्र लिहायचं. एकच प्रश्न, आकड्यात उत्तर येईल असा. 'आपल्या वेळी असं नव्हतं' हे वाक्य त्यात चालणार नाही.

हिशोबाचं काम मी करीन. माझं इंजिनिअरिंग तिथे तरी कामाला येईल. पहिल्या तीन वर्षांची माझी रक्कम मी आज संध्याकाळी भरून जाते. आणि मुख्याध्यापक सर, त्याबरोबर माझं पहिलं तक्रारीचं पत्रही तुम्हाला मिळेल. रागावू नका. ती आता घरातली तक्रार आहे.

हे केल्याने आपला संघ जिंकेल का? सांगता येत नाही. आजोबा सदुसष्ट वर्षं थांबलेत. कदाचित आपली मुलं तालुक्यालाच हरतील. कदाचित चार सामने नऊ गुणांनी हरतील. पण हरायला तरी ती तिथे पोचली पाहिजेत. गाडीखर्च नाही म्हणून घरी बसणं म्हणजे हरणंसुद्धा नाही.

आता शेवटी, कबूल केल्याप्रमाणे, माझी गोष्ट.

१९९४. आम्ही नववीत. जिल्ह्याच्या स्पर्धेत मुलींचा खो-खोचा अंतिम सामना. मी मधल्या पाटीवर बसले होते. मागून पाठीत थाप पडली, 'खो' असा आवाज आला, आणि मी क्षणभर तशीच बसून राहिले. मला वाटलं, माझ्या शेजारणीला दिला असेल. तेवढ्यात समोरची मुलगी निसटली. आम्ही एका गुणाने हरलो.

परत येताना एसटीत कोणी बोलत नव्हतं. सर, तुम्ही मधल्या स्टँडवर उतरून सगळ्यांसाठी गरम भजी आणलीत आणि पहिला कागद माझ्या हातात दिलात. मला एक शब्द बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सरावाला मी आले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "खो मिळाला की उठायचं. कोणी दिला, कोणाला दिला, ते नंतर बघू."

सर, उठायला मला थोडा उशीर झाला. एकतीस वर्षं. काल रात्री गच्चीवर जी थाप पाठीत पडली, ती मात्र मला बरोबर कळली. आणि मला वाटतं, ती एकटीच्या पाठीत पडलेली नाही.

जेवणानंतर बैठकीला सगळे या.